लाल कोळी: झाडाने बोलावलेला राखणदार आपणच मारतोय का?



आजच्या मेसेजमध्ये डोस नाही. 'अमुक मिली प्रति लिटर' असं शोधत असाल तर ते आज सापडणार नाही. हा माझ्या मताचा मेसेज आहे. थोडा मोठा आहे, म्हणून दुपारी सावलीत टेकाल तेव्हा निवांत वाचा. पटलं नाही तर मला उलट मेसेज करा, नाहीतर ऑफिसला येऊन समोर बोला.

ऊन तापायला लागलंय आणि मला रोज पानांचे फोटो येतायत. वांग्याचं पान, भेंडीचं पान, द्राक्षाचं पान, पॉलिहाऊसमधल्या गुलाबाचं पान. सगळ्यांवर तेच दिसतं: वरच्या बाजूने बारीक पांढुरके ठिपके आणि मागच्या बाजूला बारीक जाळी. आणि फोटोखाली दोनच शब्द असतात, "काय मारू?"

माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा हवा: "पानावर कोण कोण आहे?" कारण कोळी रस शोषायला लागले की झाड नुसतं सहन करत बसत नाही. ते वास सोडतं. त्या वासावर कोळी खाणारे मित्र कोळी येतात. आणि आपण घाईघाईत केलेली फवारणी पुष्कळदा या मित्रांनाच आधी मारते. शत्रू मात्र मागून पुन्हा वाढतो.

हे सगळं नीट समजलं तर या हंगामातली निदान एक तरी फवारणी वाचेल, असं मला वाटतं. म्हणून सविस्तर सांगतो.

*आधी शत्रू बघू*

आपण ज्याला लाल कोळी म्हणतो तो किडा नाही. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो विंचू, गोचीड, घरातला कोळी यांच्या नात्यातला. म्हणूनच साध्या कीटकनाशकाने तो मरेलच असं नसतं, त्याला कोळीनाशक लागतं. आपल्याकडच्या भाज्या, द्राक्ष, गुलाब यांच्यावर सगळ्यात जास्त दिसतो तो दोन ठिपक्यांचा कोळी. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. जगभरात अकराशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर तो जगताना आढळलाय. त्यामुळे 'बांधावरचं गवत काढलं, आता येणार नाही' असं याच्याबाबतीत चालत नाही.

उन्हाळ्याच्या गरमीत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी तिच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. आणि नराशी मिलन झालं नाही तरी ती अंडी घालते, त्यातून नर निघतात. म्हणजे वाऱ्याबरोबर एकटी मादी जरी तुमच्या प्लॉटमध्ये येऊन पडली, तरी वस्ती उभी राहू शकते.

औषधांना दाद न देण्यात तर तो जगात पुढे आहे. ९० हून अधिक सक्रिय घटकांना कुठे ना कुठे त्याने प्रतिकारशक्ती दाखवलेली आहे. तेव्हा 'गेल्या वर्षी ज्या औषधाने साफ झालं होतं, ते यंदा का लागत नाही?' याचं उत्तर दर वेळी भेसळ हेच नसतं.

*आता वासाची गोष्ट*

लसूणघास कापताना किंवा बांधावरचं गवत काढताना एक हिरवा, ताजा वास येतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पान कापलं, चुरगळलं की तो वास लगेच सुटतो. पण कोळी जेव्हा पानातून रस ओढतात, तेव्हा झाड वेगळंच मिश्रण सोडायला लागतं. ते लगेच होत नाही, कोळी खात राहिले की हळूहळू वाढत जातं. आपल्या नाकाला ते सहसा कळतही नाही. ज्याचं पोट कोळ्यांवर चालतं, त्याला मात्र बरोबर कळतं.

हे नेदरलँड्समध्ये नीट तपासलं गेलं. तिथल्या हरितगृहांत काकडीवर हाच दोन ठिपक्यांचा कोळी फार त्रास द्यायचा. त्याला खाणारा एक मित्र कोळी आहे, फायटोसियुलस पर्सिमिलिस. नारिंगी, चकचकीत, लांब पायांचा आणि पळण्यात चपळ. हा मूळचा युरोपातला नाही. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर तो पोचला. पुढे १९६७ मध्ये यान कोपर्ट नावाच्या डच काकडी उत्पादकाने तो वाढवून विकायला सुरुवात केली, कारण फवारणीच्या औषधांचा त्यांना स्वतःला त्रास होत होता. म्हणजे हा धंदा सुरू झाला तो एका शेतकऱ्याच्या हरितगृहातून.

या मित्र कोळ्याला डोळे नसतात, तो पूर्ण आंधळा आहे. पंखही नाहीत. मग पानांच्या एवढ्या पसाऱ्यात त्याला आपलं भक्ष्य सापडतं कसं?

१९८३ मध्ये मॉरिस साबेलिस यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर एक साधा प्रयोग केला. बेचकीच्या आकाराची काचेची नळी घेतली. एका फाट्यातून स्वच्छ पानांवरची हवा सोडली, दुसऱ्या फाट्यातून कोळी लागलेल्या पानांवरची. मित्र कोळ्याला नळीच्या बुडाशी सोडलं. बहुतेक मित्र कोळी चालत चालत कोळी लागलेल्या पानांच्या फाट्याकडे गेले. समोर भक्ष्य दिसत नव्हतं, स्पर्शही नव्हता, फक्त वास होता.

सुरुवातीला वाटलं की हा वास कोळ्यांच्याच अंगाचा असावा. पुढे मार्सेल डिके आणि साबेलिस यांच्या कामातून दिसलं की वासाचा मोठा भाग झाड स्वतः तयार करतं. त्यांनी लिमा बीन वापरली होती, म्हणजे आपल्याकडे 'डबल बी' म्हणून उसळीला मिळते ती. नुसती जखम केलेल्या पानांकडे मित्र कोळी तसे आले नाहीत. कोळी लागलेल्या पानांकडे आले. इतकंच काय, कोळी लागलेल्या झाडाची जी पानं स्वच्छ होती, तीही वास सोडायला लागली. एका पानावर चोर शिरला आणि सगळ्या वाड्याने आरोळी ठोकली, असंच म्हणा. १९८८ मध्ये या दोघांनी एक लेख लिहिला, त्यात मित्र कोळ्यांना त्यांनी झाडाचे अंगरक्षक म्हटलंय.

त्या वासात असतं काय? त्यातला एक घटक लिनालूल, धन्याच्या तेलातला मुख्य घटक. दुसरा मिथाइल सॅलिसिलेट. कंबर धरल्यावर आपण जो बाम चोळतो, त्याचा झणझणीत वास याचाच. आणखीही घटक असतात. त्यांचं प्रमाण प्रत्येक पिकात वेगळं असतं, वाणानुसारही बदलतं. पॉलिहाऊसवाल्यांसाठी खास सांगतो: जरबेराच्या वेगवेगळ्या वाणांची अशी तुलना डिके यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सगळे वाण मित्र कोळ्याला सारखेच आकर्षित करत नाहीत, असं त्यात दिसलं.

एक गोष्ट अजून. शेजारचं झाडही हा वास 'ऐकतं'. १९९२ मधल्या एका प्रयोगात कपाशीची स्वच्छ रोपं कोळी लागलेल्या रोपांच्या हवेत ठेवली होती. नंतर त्यांच्यावर कोळी सोडले, तर ती जास्त टिकली. जपानी शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलं की असा वास लागलेल्या डबल बीच्या पानात संरक्षणाचं काम करणारी जनुकं जागी होतात.

*शत्रूलाही नाक आहे*

इथे कोणी म्हणेल, मग झाडाने वास सोडला तर शत्रू कोळ्यालाही पत्ता कळणार की. बरोबर आहे, कळतो. थोडे कोळी असलेल्या पानाच्या वासाकडे नवे कोळी ओढले जातात, आणि फार गर्दी झालेल्या पानाच्या वासापासून लांब जातात, असं प्रयोगांत दिसलंय. 'इथे खायला चांगलं आहे' आणि 'इथे आता काही उरलं नाही, शिवाय राखणदार येणार' हे दोन्ही निरोप एकाच झाडाच्या वासात असतात. झाड काही फक्त आपल्या बाजूने बोलत नाही. ते मोठ्याने बोलतं, ज्याला गरज असेल तो ऐकतो.

आपल्या कामाचं यातलं एवढंच: प्रादुर्भाव सुरुवातीला ठिपक्याठिपक्याने असतो. रस्त्याकडेची धुळीची ओळ, पाण्याचा ताण पडलेला कोपरा, ड्रीपची नळी चोंदलेली जागा. तिथूनच तो पसरतो. म्हणून तिथे आधी बघायचं.

*आपण काय करतो*

आता माझ्या मताकडे येतो. फोटो आला, दुकानात गेलो, एक कोळीनाशक घेतलं. 'सोबत अळी पण दिसतेय' म्हणून सायपरमेथ्रीन किंवा लॅम्बडा सायहॅलोथ्रीन घेतलं. 'तुडतुडे आहेत' म्हणून इमिडाक्लोप्रिड. वर एक टॉनिक. सगळं एकाच पंपात. हे आपल्या भागात रोज चालतं, तुम्हालाही माहीत आहे.

यात काय होतं बघा.

एक: पायरेथ्रॉइड गटातली औषधं, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी बहुतेक वेळा 'थ्रीन' येतं ती, मित्र कोळ्यांना फार घातक असतात. शत्रू कोळी त्यातून बऱ्यापैकी वाचतात, जाळी आणि पानाची मागची बाजू यांच्या आडोशाने तर नक्कीच. वरून ते पसरतात आणि नव्या जागी वस्ती करतात.

दोन: इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाहीत. उलट त्याचा संपर्क झालेल्या माद्यांनी जास्त अंडी घातल्याचं अभ्यासात नोंदलं गेलंय.

तीन: अबामेक्टीनसारखं चांगलं कोळीनाशकही मित्र कोळ्यांवर थेट पडलं तर त्यांना मारतं.

आठवडाभर पान स्वच्छ दिसतं. मग वाचलेल्या अंड्यांतून नवी पिढी निघते. झाड पुन्हा वास सोडतं, पण आता त्या हाकेला ओ द्यायला प्लॉटमध्ये कोणी उरलेलं नसतं. शत्रूची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. मित्राला बांधावरून, शेजारच्या शेतातून चालत किंवा वाऱ्यावर यायला वेळ लागतो. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. शेवटी माल काढणीला आल्यावर रेसिड्यूची भीती. निर्यातीच्या द्राक्षाला तर हा थेट पैशाचा प्रश्न आहे.

तिसऱ्या फवारणीची गरज कित्येकदा आपल्या पहिल्या फवारणीनेच तयार केलेली असते. हे मला पटलेलं मत आहे.

*तुमचे आक्षेप, मला माहीत असलेले*

"हे सगळं परदेशातल्या काचेच्या घरात. आमच्याकडे ४० डिग्रीला काय?"
आक्षेप बरोबर आहे. पर्सिमिलिसला कोरडी, कडक गरमी मानवत नाही. म्हणून तो आणून उन्हाळी भेंडीत सोडा असं मी म्हणत नाही. पण आपल्या देशात निओसियुलस लाँजिस्पायनोसस नावाचा मित्र कोळी नैसर्गिकरीत्या आढळतो. त्याशिवाय कोळी खाणारे अगदी बारीक काळे ढालकिडे, स्टेथोरस, आहेत. क्रायसोपाची पिल्लं आहेत. यांना विकत आणायला नको. जगू दिलं तरी पुरे.

"शेजारी फवारतो, मी एकट्याने थांबून काय होणार?"
काही प्रमाणात खरं आहे. पण मित्र तुमच्याच झाडांवर टिकले तर तुमचा फायदा आधी होतो. आणि शेजारीही बहुतेक आपलाच सभासद आहे. त्याच्याशी बोलता येतं.

"वासाचंच एवढं आहे तर तो वास विकत मिळत नाही का?"
असे प्रयोग झालेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात डेव्हिड जेम्स यांनी द्राक्ष आणि हॉप्सच्या मळ्यांत मिथाइल सॅलिसिलेट हळूहळू सोडणारी पाकिटं टांगून पाहिली. तिथे मित्रकीटकांची संख्या वाढलेली दिसली, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालंय. पण एक विनंती: हे वाचून कोणी बाम पाण्यात कालवून फवारू नका. पान जळेल, आणि राखणदाराला बोलावून पानावर खायला काही नसेल तर तोही निघून जाईल.

"थांबलो आणि प्लॉट गेला तर?"
हा सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप. काचेच्या नळीत जे घडतं ते शेतात तसंच्या तसं घडेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही, मीही देत नाही. म्हणून 'काही करू नका' असं मी म्हणत नाही. बघून, मोजून ठरवा, एवढंच म्हणतो.

*बघायचं कसं*

१. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एका पंपाच्या औषधापेक्षा ते महाग नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरलं तर फोटोही निघतो.

२. आठवड्यातून दोनदा, सकाळी, प्लॉटच्या वेगवेगळ्या जागची २० पानं उलटी करून बघा. धुळीची आणि ताणाची जागा सोडू नका.

३. शत्रू कोळी सावकाश चालतो, अंगावर दोन काळसर ठिपके, जवळ जाळी, अंडी अगदी गोल. मित्र कोळी नासपतीच्या आकाराचा, चकचकीत, ठिपके नाहीत, भिंगाखाली इकडून तिकडे पळताना दिसतो. त्याची अंडी लांबट आणि शत्रूच्या अंड्यापेक्षा मोठी. सोपी खूण: जो पळतो तो बहुधा आपला.

४. दोघांचीही संख्या लिहून ठेवा. दहा शत्रूंमागे एक मित्र असेल तर चित्र बरं आहे, असा ढोबळ अंदाज बाहेरच्या देशांत स्ट्रॉबेरीसारख्या पिकांत वापरतात. तो आपल्या पिकाचा नियम समजू नका. पण तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजल्यावर मित्र वाढतायत आणि शत्रू वाढत नाहीत असं दिसलं, तर थांबायला हरकत नाही.

५. तोवर पाण्याचा ताण पडू देऊ नका. युरियाचा मारा थांबवा, लुसलुशीत पानावर कोळी जोरात वाढतात. रस्त्याकडेच्या ओळींवरची धूळ साध्या पाण्याने धुवा. फार खराब झालेली खालची पानं काढून प्लॉटबाहेर नेऊन पुरा.

६. जाळी शेंड्यापर्यंत गेली आणि मित्र दिसतच नसतील, तर फवारणी कराच. पण फक्त कोळीनाशक, एकच. त्यात 'थ्रीन'वालं काही मिसळू नका. पानाची मागची बाजू भिजली पाहिजे. पुढच्या वेळी गट बदला. हेक्झीथायझॉक्ससारखं औषध अंडी आणि पिल्लांवर काम करतं, आणि मित्र कोळ्यांना तुलनेने कमी त्रास देतं. पण मोठे कोळी त्याने मरत नाहीत, म्हणून ते लवकर, संख्या कमी असतानाच उपयोगी. कोणतंही औषध तुमच्या पिकाच्या लेबलवर आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे घेण्याआधी मला विचारा. द्राक्षवाल्यांनी निर्यातीची यादी बघितल्याशिवाय काहीही घेऊ नये.

७. प्रादुर्भाव एका कोपऱ्यातच असेल तर तेवढ्याच ओळी फवारा. बाकीचा प्लॉट म्हणजे राखणदारांचा साठा आहे.

*शेवटी, कंपनीबद्दल*

काही जण विचारतील, "तू कंपनीचा माणूस. कंपनीचं दुकान औषध विकतं. मग तूच कमी फवारा म्हणतोस?" प्रश्न रास्त आहे. औषध विकलं की कंपनीला मार्जिन मिळतं, हे लपवण्यासारखं नाही. पण ही कंपनी तुमच्याच शेअरवर उभी आहे. एका बाटलीवर कंपनीला सुटतात ते पैसे आणि तुमची अख्खी फवारणी वाचली तर तुमच्याकडे राहतात ते पैसे, यात मोठं काय ते तुम्हीच सांगा. आणि माल रेसिड्यूत अडकला तर तोटा दोघांचाही.

म्हणून येत्या मासिक सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, दुकानातून कोळीनाशकाबरोबर 'थ्रीन' गटातलं औषध जोडून देणं बंद करावं. कोणी मागितलं तर काउंटरवरच्या मुलाने आधी "पान भिंगाने बघितलं का?" हे विचारावं. दुसरी, प्रत्येक गटाला एक भिंग कंपनीच्या खर्चाने द्यावं. दोन्हीला विरोध होईल, पहिलीला जास्तच. सभेला या आणि बाजू घ्या, माझी किंवा विरुद्ध.

तोपर्यंत एक छोटं काम करूया. प्रत्येक गावातून एका सभासदाने आपल्या वांगी किंवा भेंडीच्या प्लॉटमध्ये चार ओळी राखून ठेवाव्यात. तिथे भिंगाने बघून मोजल्याशिवाय काही फवारायचं नाही. बाकी प्लॉट नेहमीसारखा. दर शनिवारी दोन्हीकडची दहा-दहा पानं मोजून आकडे मला मेसेज करा. मी ते गावाचं नाव न टाकता सगळ्यांना पाठवीन. दीड महिन्याने माझं मत चुकलं की बरोबर निघालं, ते आपल्याच शेतातले आकडे सांगतील.

ज्यांची तयारी असेल त्यांनी या मेसेजला 'चार ओळी' एवढंच उत्तर द्या. बाकी फोन आणि फोटो नेहमीप्रमाणे पाठवत राहा. फक्त यापुढे पानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आणि भिंगातून काढलेला असेल तर फारच छान.

तुमचा,
कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी